दोरीचं माप

“ताई, पेनल्टीचा ठिपका पुढे आलाय,” गोलकीपर म्हणाला. उंचीमुळे सगळे त्याला जिराफ म्हणत.

“तूच मागे सरकला असशील.” तिने फक्कीचा डबा खाली ठेवला. “दोरी बाबांची आहे. ती चुकत नाही.”

देशभरातले क्लब या फुटबॉल कपात उतरत. जिंकला तो पुढच्या फेरीत, हरला तो घरी. त्यांचा मूठभर लोकांचा क्लब या हंगामात चक्क उपांत्यपूर्व फेरीत पोचला होता, आणि चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा देशातला सगळ्यात बडा संघ त्यांच्याच मैदानावर यायचा ठरला. जन्मभर हे मैदान राखणारे बाबा मात्र दुसऱ्या फेरीनंतर गेले. मधले सामने परगावी झाले. आज रेषा कोण आखणार, हा प्रश्न निघाला तेव्हा ती म्हणाली, “मी.” क्लबच्या सचिवांनी मान हलवली, होकाराची की काळजीची, ते कळलं नाही. तिने औषधांच्या दुकानातून रजा काढली. लहानपणी बाबांच्या मागे मागे ती मापाच्या गाठी मारलेली दोरी धरून फिरलेली. हात आपोआप चालले.

जिराफ हलेना. “ताई, पेनल्टी मारणारा माझ्या नाकावर येतोय. एकदा मोजा तरी.”

तिने सचिवांची पोलादी टेप आणली. ठिपका दोन वितींनी जवळ होता. पेनल्टीची चौकटही चहूकडून आखडलेली. बाहेरच्या रेषांना जमिनीत खुंट्या होत्या, त्या जागच्या जागी. दोरीने मापलेलं तेवढं सगळं आखूड.

“बोंबला,” सचिव म्हणाले. “दुपारी पंच मोजणार. माप चुकलं की सामना त्यांच्या स्टेडियमवर. मी आधीच म्हणत होतो, सामना तिकडेच देऊन टाका. मान तरी राहिला असता.”

“काका, दुपार व्हायचीय अजून. मला दोन खराटे आणि पाणी द्या.”

ती आणि जिराफ रेषा पुसत होते तेव्हा आई चहा घेऊन आली. या मैदानाला ती सवत म्हणायची. इतक्या वर्षांत तिने इथे पाऊल टाकलं नव्हतं.

“दोरी पाहिलीस? कशी निघालीय?” आईने विचारलं. “यांच्या कपड्यांबरोबर कढत पाण्यात घातली. केवढा मळ गं, सुटता सुटेना.”

जिराफने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तसं त्याने ते मिटलं. सुती दोरी, कढत पाणी. बाबांच्या गाठी तेवढ्याच होत्या, मधलं अंतर आटलं होतं.

“लख्ख निघालीय,” ती म्हणाली.

“मग ही पट्टी कशाला?”

“पंचांचा दोरीवर भरवसा नसतो.”

“कमाल आहे. जन्मभर चालली की.”

“हे टोक धर आई. गोलरेषेवर ठेव. हलायचं नाही.”

आई टोक दोन्ही हातांनी दाबून बसली. जिराफ काही विनोद करायला गेला, तर म्हणाली, “गप रे, माप चुकेल.”

पंचांनी मोजलं, एकदा उलटं, एकदा सुलटं, आणि पुढे गेले.

सामना रंगला. बड्या संघाने एक गोल केला, पण त्यासाठी त्यांना घाम गाळावा लागला. संपता संपता क्लबला पेनल्टी मिळाली. कप्तानाने चेंडू ठिपक्यावर ठेवला, चार पावलं मागे गेला. चेंडू आडव्या दांड्यावर आदळून परत आला.

सचिव हळूच म्हणाले, “सकाळच्या ठिपक्यावरून आत गेला असता.”

“तसला गोल घरी नेऊन काय करायचं, काका?”

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि या खेपेला मान हलवली ती स्पष्ट होकाराची होती.

माणसं पांगली. आई अजून कठड्याशी उभी होती.

“आता पुन्हा कधी मोजायचं?”

“हरलो आपण आई. कप संपला.”

“ते कळलं मला. मी मैदानाचं विचारतेय.”

सचिव फाटकाला कुलूप लावायला निघाले होते. ते थांबले. “रविवारी लीगचा सामना आहे, वहिनी. सकाळी या दोघी.”

आई पुढे चालू लागली. तिच्या चपलांना फक्की लागली होती. फाटकापासून रस्त्यावर पांढरी पावलं उमटत गेली, कोपऱ्यापर्यंत फिकी होत. मुलगी त्या पावलांच्या कडेकडेने चालली.