काकूंची फेरी

मी छत्री बोलतेय. पावसात डोक्यावर धरतात ती नव्हे. तिच्याशी माझं नातं जोडू नका. ती माणसाला ओलं होऊ देत नाही, आणि मी माणसाला जमिनीवर राहू देत नाही. मोकळ्या मैदानात जीपच्या मागे दोर बांधून माणसांना वर नेतात ना, त्यांच्या डोक्यावर टम्म फुगलेली असते ती मी. मैदानावरच्या पाटीवर 'पॅरासेलिंग' असं लिहिलं होतं, पण तो शब्द घरात कुणाच्याच जिभेवर नीट बसला नाही. मी आपली छत्रीच राहिले.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. नारिंगी आणि निळ्या कापडाचे तुकडे जोडता जोडता शिवणाऱ्या बायका आपापल्या सुनांची उणीदुणी काढत होत्या, ती सगळी माझ्या शिवणीत गेली. शेवटी एका जाड चष्म्याच्या माणसानं माझी एकेक शिवण ओढून पाहिली. माझा जीव नकोसा झाला, पण त्यानं मला नापास केलं नाही.

तिथून मी काकांकडे आले. काका म्हणजे जीपचे मालक आणि ड्रायव्हर. गिऱ्हाइकं त्यांना काका म्हणायची म्हणून मीही काकाच म्हणते. मैदानाच्या कडेलाच त्यांचं पत्र्याच्या छपराचं घर होतं आणि शेजारी माझी शेड. घरात काकू, त्यांचा धाकटा भाऊ मामा, आणि लेक बारकी. बारकी कधीच बापापेक्षा उंच झाली होती, पण नाव काही वाढलं नाही.

काम सगळ्यांनी वाटून घेतलं होतं. काका जीप चालवायचे. स्टिअरिंगला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला त्यांना खपायचा नाही. बारकी जीपच्या मागच्या सीटवर उलटी बसून वर लक्ष ठेवायची आणि 'हळू', 'ओढा' असं ओरडायची. मामा आणि काकू दोन बाजूंनी माझं तोंड उघडून धरायचे. मध्ये पट्टे बांधलेलं गिऱ्हाईक. पाण्यावर बोटीनं नेतात तिथे लोक बसल्या जागी उचलले जातात म्हणे. जमिनीवर तसं नसतं. इथे स्वतःच्या पायांनी चार पावलं पळावं लागतं, तेव्हा कुठे पाय सुटतात.

माणसांचे नमुने मी खूप पाहिले. खाली उभं राहून दुसऱ्याला 'घाबरतोस काय!' म्हणणारा वर आला की डोळे गच्च मिटून आईला हाका मारतो. गंमत म्हणजे डोळे उघडले की प्रत्येक जण आधी आपलं घर शोधतो. एवढं मोठं जग खाली पसरलेलं असतं, आणि हा शोधत असतो आपलं छप्पर.

मी कुंपणाच्या तारेत अडकून फाटले की काकू मला घरात न्यायच्या. स्वयंपाकघरात शिलाई मशीन होतं. मी आत शिरले की ओटा, फडताळ, पाण्याचं पिंप सगळं माझ्याखाली गडप व्हायचं. काका दारातून ओरडायचे, "चहा मिळेल का, की आज छत्रीच प्यायची?"

काकू मशीन चालवता चालवता माझ्याशी बोलायच्या. दुसरं होतं कोण ऐकायला? "तुझं बरं आहे बाई," म्हणायच्या, "रोज वर जातेस, जग बघून येतेस. मी तुझं तोंड धरायचं, आणि तू भुर्र." मग दातानं दोरा तोडायच्या.

खरंच, काकू एकदाही वर गेल्या नव्हत्या. मला शिवणारी, वाळवणारी, घडी घालणारी बाई, आणि तिचीच फेरी राहून गेलेली. त्यांनी विचारलं नाही असं नाही. विचारलं की काकांचं उत्तर तयार असायचं. "उद्या जाऊ." वारा चांगला असला की गिऱ्हाइकांची रांग असायची, तेव्हा घरच्या माणसाला कसं पाठवणार? आणि मैदान रिकामं असलं की वारा पडलेला असायचा. काकूंनी फारच लावून धरलं की काका थट्टेवर न्यायचे. "अगं, तू बसलीस तर तू खालीच राहशील, माझी जीप वर जाईल!" मामा खो खो हसायचा. काकूही हसायच्या आणि माझं तोंड धरायला जायच्या.

मग काकूंचं पोट दुखायला लागलं. आधी त्यांनी अंगावर काढलं. नंतर दवाखाने सुरू झाले. माझं तोंड धरायला भाड्यानं एक माणूस आला, त्याच्या हाताला माया नव्हती. हळूहळू काकू इतक्या वाळल्या, की शेडमध्ये आल्या तेव्हा मी ओळखलंच नाही. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, आता घरी न्या, त्यांना जे आवडेल ते करू द्या.

काय आवडेल, हे काही कुणाला विचारावं लागलं नाही.

"बाबा, आता तरी आईला वर न्या," बारकी म्हणाली. शेडमध्ये तिघंच होते, ती, काका आणि मामा.

"वेड लागलंय का तुला? दोन पावलं चालली की धाप लागते तिला. पळणार कशी?"

"तुम्ही पळा तिच्याबरोबर. जोडीचे पट्टे आहेत ना? नवी लग्नं झालेली जातात तसं."

"आणि जीप कोण चालवणार?"

"मी."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. मामानं सवयीनं हसायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. "भाऊजी," तो हलकेच म्हणाला, "ताईसाठी एवढं करा."

काका कसेबसे कबूल झाले, आणि ठरलेल्या दिवशी सकाळी पाटी उलटी करून ठेवली. आलेल्या गिऱ्हाइकांना बारकीनं हात जोडून परत पाठवलं. वाऱ्याची दिशा कळावी म्हणून काठीला बांधलेली कापडी पिशवी छान फुगून आडवी झाली होती. काकू बारकीची पॅन्ट घालून आल्या. कमरेला नाडी आवळून आवळून बांधली होती.

पट्टे बांधायला काका पुढे झाले. आयुष्यभर लोकांचे पट्टे तपासणारा माणूस, त्याला बक्कल सापडेना. शेवटी काकूंनीच ते लावलं. "आता मी जड नाही ना?" त्यांनी विचारलं. काकांनी ते पुन्हा ओढून पाहिलं. जुनी थट्टा त्यांना आठवली होती, हे मला जमिनीवरूनही दिसत होतं.

काकांनी काकूंना आपल्या पुढे घेऊन कमरेला उचलून धरलं. मामानं आणि त्या भाड्याच्या माणसानं मला फुलवलं. बारकीनं जीप अशी अलगद काढली, की दोराला हिसका म्हणून बसला नाही. काका पळाले. दोघांच्या वाटची चार पावलं ते एकटेच पळाले, आणि मी त्यांना उचललं. इतक्या माणसांना उचललं मी, पण त्या दिवशी माझ्या शिवणी दुखल्या.

वर गेल्यावर काकांनी डोळे मिटले. पट्टे इतके घट्ट धरले की बोटं पांढरी झाली. काकूंचे डोळे मात्र टक्क उघडे होते.

"अहो, बघा ना! आपलं घर. केवढंसं आहे! आणि दोरीवरचे कपडे तसेच! कुणी काढलेच नाहीत."

"बघतोय," काका डोळे मिटूनच म्हणाले.

"काय बघताय? डोळे तर मिटलेत."

मग काका रडत रडत बोलायला लागले. "तुला कधी पाठवलं नाही, त्याचं कारण रांग नव्हती गं. मला भीती वाटायची. दुनियेला पाठवलं, पण तू दोराला लटकलेली असशील आणि मी जीप चालवतोय, हे माझ्याच्यानं झालं नसतं. दर वेळी वेळ मारून नेली."

"माहितीये मला," काकू म्हणाल्या.

"माहितीये?"

"तुम्ही जिना उतरताना भिंत धरता. लग्न ठरायच्या आधीच पाहिलं होतं मी, आमच्या घरी आला होतात तेव्हा. म्हटलं, भित्रा आहे, पण चेहऱ्यानं बरा आहे." आणि त्या हसल्या. "उघडा आता डोळे. मी आहे ना."

काकांनी डोळे उघडले. त्यांनी घर पाहिलं की नाही कोण जाणे. ते काकूंकडेच बघत होते.

उतरताना काकांनी काकूंना वर धरलं आणि स्वतः पाठीवर आपटले. मी माझ्या वजनानं दोघांवर पसरले. आत नारिंगी उजेड पडला. बारकी आणि मामा अजून लांबून पळत येत होते. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "अजून एकदा जाऊया?"

काकांना धाप लागली होती. डोळे पुन्हा मिटलेले. त्यांच्या तोंडून निघालं, "उद्या जाऊ."

ते मुद्दाम बोलले नाहीत हो. जीप सुरू करताना हात आपोआप गिअरवर जातो, तसा तो शब्द आला. बोलल्यावर त्यांचं त्यांनाच कळलं आणि ते दचकले. पण तोवर मामानं मला उचललं होतं.

दुसऱ्या दिवशी वारा कालच्यापेक्षा चांगला होता. काकू उठल्या नाहीत. उतरताना माझी एक शिवण उसवली होती, ती घालायची म्हणून त्यांनी मला पलंगावरच मागवून घेतलं. मशीनवर बसवत नव्हतं, म्हणून सुई घेतली. एक टाका घालायच्या आणि विसावा घ्यायच्या.

"वारा कसा आहे आज?" त्या रोज विचारायच्या.

"पडलाय," काका सांगायचे. "पानसुद्धा हलत नाही." आणि छपराचा पत्रा वाऱ्यानं खडखड वाजत असायचा. दोघांनाही तो ऐकू यायचा.

शिवण अर्धी झाली आणि काकू गेल्या. सुई माझ्यातच राहिली.

आता मैदानावर नवी छत्री आहे, लाल रंगाची, जरा नखरेल. जीप बारकी चालवते आणि मागे बसून मामा ओरडतो. मी शेडमध्ये असते. माझी उरलेली शिवण घालायला शिंपी आला होता, काकांनी त्याला दारातूनच परत पाठवलं. कुणाला त्या सुईला हात लावू देत नाहीत.

वारा चांगला असला की गिऱ्हाइकं यायच्या आधी काका मला बाहेर काढतात. मोकळे पट्टे जमिनीवर ठेवतात, आणि काकू उभ्या राहायच्या त्या बाजूला उभे राहून माझं तोंड धरतात. "चल," म्हणतात, "आज जाऊ." मी उसवलेल्या बाजूनं हवा सोडत जमेल तेवढी फुगते. मग ते तिथेच खाली बसतात. बारकी येते, त्यांना हाताला धरून उठवते, माझी घडी घालते.

काकूंचा शेवटचा हट्ट आपण मोडला, त्या मनात दुखावूनच गेल्या, असं काकांनी मनाला लावून घेतलंय. आतल्या आत झिजताहेत. पण मी तिथे होते. त्या दोघांवर मीच तर पांघरलेली होते. काका 'उद्या' म्हणाले तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते आणि कानात स्वतःचीच धाप होती. काकूंचे डोळे उघडे होते. त्या रागावल्या नाहीत. हसल्या. हात वर करून माझ्या कापडावरून फिरवला आणि स्वयंपाकघरात बोलायच्या तशा अगदी हळू मला म्हणाल्या, "झालं गं बाई. बघितलं सगळं. आता उद्या नाही आला तरी चालेल."

हे फक्त मी ऐकलं. मला तोंड आहे, पण ते वाऱ्यासाठी. माणसाशी मला बोलता येत नाही.

तुम्ही कधी त्या मैदानाकडून गेलात, आणि सकाळी एक म्हातारा उसवलेल्या छत्रीचं तोंड धरून उभा दिसला, तर माझ्यासाठी एवढं करा. त्याच्याजवळ जा आणि सांगा, काका, काकू हसल्या होत्या.