प्रमुख पाहुणे

नवऱ्याची बदली झाली म्हणून ती या शहरात आली, आणि सामान उघडून होतंय तोच माजी विद्यार्थी मंडळाचं बोलावणं आलं. तिचं विद्यापीठ इथून बरंच लांब होतं, पण तिथून शिकून निघालेले कितीतरी जण या शहरात स्थिरावले होते. दर महिन्याला त्यांचं काही ना काही चालायचं. कधी तळ्याकाठी सहल, कधी प्रश्नमंजूषा, कधी नुसतंच जेवण.

"चल, चार ओळखी होतील," नवरा म्हणाला.

हॉटेलच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ती सूपचा वाडगा घेऊन कोपऱ्यात उभी होती. तेवढ्यात माईकवरून एक भरदार, ओळखीचा आवाज आला आणि तिने वाडगा खाली ठेवला. मंडळाचे अध्यक्ष, शहरातले नावाजलेले वकील, मंचावर आले होते.

"रेकॉर्ड! रेकॉर्ड!" लोक ओरडायला लागले.

वकिलांनी आढेवेढे घेतल्यासारखं केलं. मग मान एका बाजूला ओढली, डोळे घट्ट मिटले आणि म्हणाले, "म-म-म-महाशय, मा-मा-माझ्या अशि-शि-शिलाची..."

हॉल हसून लोटपोट झाला. नवराही हसला. मग त्याची नजर तिच्याकडे गेली आणि त्याने हसू आवरलं.

ती रेकॉर्ड म्हणजे तीच होती.

कायद्याच्या दुसऱ्या वर्षाला तिने अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत भाग घेतला होता. हॉस्टेलच्या आरशासमोर घसा बसेपर्यंत तयारी केली होती. बोलताना अडखळली, पण मुद्दा सोडला नाही, आणि पहिली फेरी जिंकली. त्याच आठवड्यात स्नेहसंमेलनात तिच्याच वर्गातल्या या वकिलाने तिची नक्कल केली. दुसऱ्या दिवशीपासून कँटीनमध्ये, जिन्यात, वाचनालयात तिला एकच नाव उरलं, अडकलेली रेकॉर्ड. अंतिम फेरीला ती गेलीच नाही. परीक्षा दिली, पास झाली, काळा कोट धाकट्या बहिणीला देऊन टाकला आणि एका कार्यालयात मसुदे लिहायला बसली. दुसऱ्यांनी कोर्टात उभं राहून म्हणायची वाक्यं ती बंद खोलीत लिहायची. ते खटले जिंकले जायचे आणि हार दुसऱ्यांच्या गळ्यात पडायचे.

जेवण झाल्यावर वकील हात पुढे करत आले. "तुम्ही नवीन? कुठल्या वर्षाच्या?"

तिने लग्नानंतरचं नाव तेवढं सांगितलं. त्यांनी तिला ओळखलंच नाही. ओळखून जरा ओशाळले असते, तर कदाचित तिने विषय तिथेच सोडला असता. पण ज्याच्या हसण्याने तिचं आयुष्य वळलं, त्याच्या डोक्यात तिचा चेहराही शिल्लक नव्हता. फक्त तिचं अडखळणं त्याने सांभाळून ठेवलं होतं, टाळ्यांसाठी.

"किती वर्षं झाली गं त्याला. जाऊ दे," घरी नवरा म्हणाला.

"त्याच्यासाठी झाली. मी आ-आज ऐकलं."

पुढच्या सहलीपासून ती मंडळाच्या कामाला लागली. बस ठरवणं, हॉल बघणं, ताटं मोजून घेणं, उरलेल्या खुर्च्या परत पाठवणं. कमी बोलायची, त्यामुळे सगळ्यांना फार आवडायची. "या बाई म्हणजे मंडळाचा कणा," असं वकील चारचौघांत म्हणायचे. ती मान लववायची आणि संधीची वाट बघायची.

त्यासाठी लागणारं एक माणूस तिच्या हाताशी होतं. दर शनिवारी सकाळी वाचनालयाच्या मागच्या खोलीत अडखळत बोलणारी माणसं जमायची आणि आळीपाळीने मोठ्याने वाचायची; तीही त्यांतलीच झाली होती. ती खोली पूलकाका चालवायचे. नदीवरचा झुलता पूल त्यांनी बांधला होता. शहराला त्यांचं नाव ठाऊक होतं, पण आवाज कोणीच ऐकला नव्हता, कारण ते कुठल्याही मंचावर जायचे नाहीत. "माझं काम लोकांच्या पा-पायाखाली आहे, तोंडात कशाला?" असं म्हणून हसायचे. तेही तिच्याच विद्यापीठाचे. तिच्यात त्यांचा जीव होता. वाचन संपलं की बसथांब्यापर्यंत तिला सोडायला यायचे.

त्या वर्षी विद्यापीठाच्या सिनेटवर या भागातून एक माजी विद्यार्थी जायचा होता. वकिलांनी देव पाण्यात घातले होते. पूलकाकांनी नुसतं नाव सुचवलं असतं तरी जागा वकिलांच्या खिशात होती.

"वार्षिक जेवणाला मी पूलकाकांना आणते," ती वकिलांना म्हणाली.

"तुम्ही? अहो, मग तर जिंकलोच!"

"पण सर, तुमचा तो आयटम ठेवा हं. काकांना वि-विनोद आवडतो."

ती वि वर अडखळली, आणि तेही त्यांच्या लक्षात आलं नाही.

काकांना ती एवढंच म्हणाली, "आपलीच माणसं आहेत. या ना, माझ्यासाठी." ते इस्त्रीचा सदरा घालून आले.

दिवेलागणीला हॉल भरला. वकिलांनी काकांचं भरभरून कौतुक केलं. मग मान ओढली, डोळे मिटले. त्या दिवशी त्यांनी जीव ओतला. लोक पोट धरून हसत होते आणि ती फक्त वकिलांकडे बघत होती, शिकाऱ्यासारखी, पापणी न हलवता.

टाळ्या थांबल्यावर काका उठले. माईक हातात घेतला.

"न-न-नमस्कार."

मागच्या बाजूला कोणीतरी खो खो हसलं. त्याला वाटलं, काकाही गमतीत सामील झाले. मग पुढचं वाक्य आलं, त्यापुढचं आलं, आणि हॉलमधले पंखे ऐकू यायला लागले.

"व-वकीलसाहेबांनी नक्कल छान केली. एकच चु-चुकलं. आम्ही डोळे मिटतो ते ला-लाजून नाही. समोर ह-हसणारे दिसू नयेत म्हणून."

ती पुढे गेली आणि माईक घेतला. "हा आयटम ज्या मु-मुलीचा आहे, ती मी. यांच्याच वर्गातली."

वकिलांचं तोंड राखेसारखं झालं. काहीतरी बोलायला त्यांनी ओठ उघडले, पण त्या भरदार गळ्यातून हवासुद्धा निघाली नाही. पुढच्या रांगेत बसलेली त्यांची बायको पर्स उचलून मागे न बघता निघून गेली. माईक हातात धरून तिने ते सगळं घोटाघोटाने प्यायलं. इतकं गोड तिला आजवर काही लागलं नव्हतं.

दारापाशी काका थांबले होते.

"तो हे क-करणार, तुला ठाऊक होतं?"

"हो."

"मला सां-सांगितलं असतंस तरी मी आलो असतो. हेच बोललो असतो." ते दार ढकलत होते. "त्याने तुला वापरलं. तू मला..."

पुढचा शब्द अडकला नव्हता. त्यांनी तो मुद्दाम सोडून दिला. ते गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की नक्कल चालू असताना तिने एकदाही काकांच्या चेहऱ्याकडे पाहिलं नव्हतं.

वकिलांनी अध्यक्षपद सोडलं. सिनेटसाठी मंडळाने दुसरंच नाव पाठवलं. काही दिवसांनी ते स्वतः तिच्या दारात उभे राहिले, हात जोडून.

"तेव्हा आम्ही पोरं होतो हो. कळत नव्हतं."

तिने त्यांना आत बोलावलं नाही. बोलून बोलून त्यांचे शब्द संपेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभं ठेवलं.

"आणि परवाच्या जेवणाला? तेव्हाही पो-पोरच होतात?"

तिने दार लावून घेतलं. नवरा बैठकीत बसून सगळं ऐकत होता.

"झालं समाधान?"

"याच्यापुरतं झालं," ती म्हणाली, आणि ते खरं होतं. वकिलांची कीव तिला त्या दिवशी आली नाही आणि नंतरही आली नाही.

शनिवारी ती वाचनालयात गेली. काकांनी सगळ्यांसारखी तिलाही पाळी दिली, शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एका उच्चारावर मान डोलावली. वाचन संपल्यावर ती पायऱ्यांवर थांबली. काका मागच्या दाराने निघून गेले होते. बसथांब्यापर्यंत ती एकटीच चालत गेली.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली.