अर्धा स्वर खाली

ओबो वाजवणारी वीबके आपलं वाद्य पेटीत ठेवत होती, तेवढ्यात गेरोल्ड क्रांत्सनं पेटीचं झाकण हातानं धरलं.

"तो सुरुवातीचा स्वर पुन्हा एकदा दे," तो म्हणाला.

तालीम संपून दहा मिनिटं झाली होती. बाकीचे वादक कॅन्टीनकडे पांगले होते. वीबकेनं त्याच्याकडे नीट पाहिलं, ओबो ओठांना लावला आणि स्वर दिला. सगळा वाद्यवृंद रोज याच स्वराला जुळवून घेतो. गेरोल्ड डोळे मिटून ऐकत राहिला.

"चढा आहे."

"नाही."

"हेलविगनं सांगितलंय तुला चढा द्यायला."

"गेरोल्ड, मी स्वर चढवला तर आधी बासरीवाले माझा गळा धरतील. तुझा नंबर बराच मागे आहे."

तिनं समोरचं स्वर मोजणारं छोटं यंत्र त्याच्याकडे वळवलं. हिरवा दिवा लागलेला होता. यंत्राला काय, बटण फिरवलं की झालं, असं तो पुटपुटला. तेव्हा वीबकेनं पेटीच्या कप्प्यातून तोच एक स्वर देणारा नादकाटा काढला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"याला बटण नाही. घरी पियानोवर लावून बघ आणि मग माझी माफी मागायला ये."

गेरोल्ड बेकरीवाल्याचा मुलगा. लहानपणी चर्चमध्ये गायचा, पुढं एका म्हाताऱ्या मास्तरांनी त्याचा गळा घडवला आणि दहा वर्षं लहानसहान गावांच्या रंगमंचांवर शिपायांच्या घोळक्यात भाले धरून उभं राहिल्यावर तो इथं ऑपेराच्या नाट्यगृहात मुख्य टेनर, म्हणजे उंच पट्टीचा गायक, म्हणून आला. त्याच्या गाजलेल्या ऑपेराच्या तिसऱ्या अंकातल्या गाण्यात एक टिपेचा स्वर येतो. त्या एका स्वरासाठी शेजारच्या शहरातली माणसं गाडी करून यायची. तोच स्वर गेल्या वर्षभरात इथं दोनदा फाटला होता. घरी मात्र रोज सकाळी पियानोबरोबर तो अगदी स्वच्छ लागायचा. गळा तोच, माणूस तोच, मग खोट नाट्यगृहातच असली पाहिजे, असा गेरोल्डचा सरळ हिशेब होता.

आणि खोट म्हणजे हेलविग. दोन वर्षांपूर्वी आलेला हा वाद्यवृंद-संचालक गेरोल्डहून वीस वर्षांनी लहान होता आणि फार अदबीनं बोलायचा. ते गाणं अर्धा स्वर खाली वाजवू या, पुष्कळ ठिकाणी तसं करतात, ऐकणाऱ्याला कळतही नाही, असं तो दोनदा म्हणाला होता. दोन्ही वेळा गेरोल्डनं त्याला उडवून लावलं. एकदा खाली उतरलो की ते कागदावर येणार, आणि आपल्याला काढायला हेलविगला तो कागदच हवा होता, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

कागदांचे दिवसही तेच होते. पंधरा वर्षं पुरी झाली की गायकाला सहजासहजी काढता येत नाही. म्हणून चौदाव्या वर्षी, जुलै संपायच्या आत, नाट्यगृहाचे प्रमुख त्याला 'बोलायला' बोलावतात. गेरोल्डचं चौदावं सरत आलं होतं. पत्र आलं होतं. उद्या सकाळी दहा वाजता. बावन्नाव्या वर्षी इथून निघालेल्या टेनरला पुढं कोण विचारणार?

दारावरचा पहारेकरी त्याला बघून उठला आणि त्याच्या डाव्या खांद्यावरून थुंकल्यासारखं करत म्हणाला, "तोय तोय तोय, क्रांत्ससाहेब." प्रयोगाआधी असं म्हणायची रीत आहे आणि त्यावर आभार मानले की काम बिघडतं. पण आज प्रयोग नव्हता. म्हणजे उद्याचं यालाही ठाऊक होतं. गेरोल्ड त्याला नखशिखांत न्याहाळत बाहेर पडला.

ट्राममध्ये त्यानं कोटाच्या आतल्या खिशाला हात लावून पाहिला. हेलविगविरुद्धची तक्रार तिथं होती, तारीखवार, चार पानं. एक पाचवं पान मात्र त्याला लिहिताच आलं नव्हतं, कारण ते त्याच्या बायकोबद्दल, इर्मेलाबद्दल होतं. तीन वर्षांपूर्वी तिनं पियानोच्या शिकवण्या एकाएकी बंद केल्या. बोटं दुखतात म्हणाली, पण त्याच बोटांनी ती तासभर कणीक तिंबायची. नाताळात भाची व्हायोलिन घेऊन आली, तर इर्मेलानं पियानो उघडू दिला नाही, तार तुटलीय म्हणाली. तो खोलीत आला की तिचं फोनवरचं बोलणं आखडायचं. आणि बाहेरगावचे प्रयोग करून तो परतला तेव्हा तीनदा मोरीत दोन कप दिसले होते. दोन कपांवरून माणूस कुठवर जाऊ शकतो? गेरोल्ड हेलविगपर्यंत जाऊन आला होता.

घर रिकामं होतं. इर्मेला शहराबाहेरच्या त्यांच्या बागेच्या तुकड्यावर चेरी काढायला गेली होती. कोट न काढताच त्यानं नादकाटा गुडघ्यावर आपटला आणि दांडी पियानोच्या लाकडावर टेकवली. सगळं लाकूड बोलू लागलं. त्यानं त्या स्वराची पांढरी पट्टी दाबली.

जुळलं नाही.

पुन्हा आपटला, पुन्हा दाबली. मग उजव्या हाताची शेजारची काळी पट्टी दाबली आणि दोन्ही आवाज एकमेकांत मिसळून गेले. म्हणजे अख्खा पियानोच अर्धा स्वर खाली उतरवलेला होता.

त्यानं पियानोचं वरचं झाकण उचललं. आतल्या लाकडावर, स्वर जुळवणारा म्हातारा स्टोल्पे आपल्या भेटींची नोंद पेन्सिलनं करायचा. शेवटच्या तीन तारखांपुढं एकेक बारीक बाण होता, खाली वळलेला. त्या तारखांना आपण कुठल्या गावी गात होतो हे गेरोल्डला आठवलं. स्टोल्पेला कॉफी लागते, हेही आठवलं. तो तिथंच खुर्चीवर बसला.

इर्मेला बादलीभर चेरी घेऊन आली तेव्हा झाकण जागच्या जागी होतं आणि नादकाटा खिशात.

"उद्याच्या आधी एकदा म्हणतोस?" तिनं हात पुसत विचारलं आणि पियानोवर बसली.

तो गायला. टिपेचा स्वर रोजच्यासारखा लागला, खिडकीची काच हलकीशी थरथरली.

"बघ," ती म्हणाली. "आहे तिथंच आहे."

"आता अर्धा स्वर वर घेऊन वाजव."

तिचे हात पट्ट्यांवरच राहिले. तिनं मान वळवली नाही, का म्हणून विचारलं नाही. तिनं वाजवायला घेतलं. सगळ्या पट्ट्या बदललेल्या, पण तिचं एकही बोट अडखळलं नाही. हे तिनं कधीतरी एकटीनं बसवून ठेवलं होतं. तो ज्या दिवशी मागेल त्या दिवसासाठी.

वर पोहोचताना त्याचा आवाज फाटला. तो थांबला नाही. उरलेल्या दोन ओळी त्यानं होत्या तेवढ्या आवाजात पुऱ्या केल्या.

"कधी कळलं?" तिनं विचारलं.

"तू चेरी काढत होतीस तेव्हा." मग म्हणाला, "शिकवण्या यापायी सोडल्यास?"

"दोन मुलं व्हायोलिनही शिकत होती. त्यांना लगेच कळलं असतं." तिनं पट्ट्यांवरून फडकं फिरवलं. "त्या हिवाळ्यात वरचा स्वर अडायला लागला म्हणून तू घरी गाणंच टाकलं होतंस, गेरोल्ड. नुसता खिडकीशी बसायचास. मला ते बघवेना."

त्याला राग यायला हवा होता. त्यानं तो शोधूनही पाहिला. सापडली ती लाजच, आणि तीही बहुतेक त्या दोन कपांची.

त्यानं खिशातली चार पानं काढून पियानोवर ठेवली, आतल्या खोलीत जाऊन फोन लावला.

"मी क्रांत्स. तुम्ही तो अर्धा स्वर म्हणाला होतात..." पुढचं जड गेलं. "अजून चालेल का?"

पलीकडं हेलविग होता.

"खालच्या स्वरातल्या वादकांच्या प्रती मार्चमध्येच काढून ठेवल्यात," तो म्हणाला. "उद्या दहाच्या आधी साहेबांना मी सांगू, की तुम्ही सांगता?"

"मी सांगतो."

उद्या एवढ्यानं भागेल की नाही, हे त्याला माहीत नव्हतं. बाहेर आला तेव्हा ती चार पानं टेबलावर पसरलेली होती आणि इर्मेला त्यांच्यावर चेरीच्या बिया काढत बसली होती. त्यानं खुर्ची ओढली, तशी ती अर्धवट उठली आणि त्याच्या डाव्या खांद्याशी तोंड नेऊन म्हणाली, "तोय तोय तोय."

आभार त्याच्या अगदी ओठांवर आले होते. त्यानं ते गिळले आणि वाडग्यातल्या एका चेरीची बी काढायला घेतली.