ओटीपीशिवायचा फोन

"पुन्हा बदललं या लोकांनी! काल डाव्या हाताला होतं, ते आज वर नेऊन ठेवलंय. उद्या छपरावर ठेवतील!"

दुकान बंद करून घरी आलेले चष्मेवाले रिमोट हातात धरून टीव्हीवर करवादत होते. हा प्रसंग तुमच्या-आमच्या घरात काही नवा नाही. पैसे आपण भरायचे, घर आपलं, सोफा आपला, आणि आपलाच टीव्ही दर काही दिवसांनी नव्याने शिकायचा! चष्मेवाल्यांचा राग तर अगदी रास्त होता. त्यांच्या दुकानात फ्रेमांचे खण कित्येक वर्षं जागचे हलले नव्हते. लहान मुलांच्या फ्रेमा खाली, वाकता न येणाऱ्यांच्या मधे. "मी असे खण हलवत बसलो असतो, तर गिऱ्हाइकाने तोंडही दाखवलं नसतं," ते म्हणाले.

"मग नको बघूस. डॉक्टरने सांगितलंय का?" आक्का म्हणाली.

आक्का म्हणजे त्यांची थोरली बहीण. सगळी नोकरी तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली, अनोळखी माणसांच्या लाइनी एकमेकांना जोडून दिल्या, आणि निवृत्त झाल्यावर भावाकडे राहायला आली. चष्मेवाल्यांची बायको गेल्यापासून घरात ही दोघंच होती.

खरं सांगायचं तर चष्मेवाल्यांना ना सिनेमाचं वेड, ना मालिकांचं. ते शोधत होते पडद्यावरचं एक छोटंसं चौकोनी चित्र. त्याखाली नाव होतं 'छकुली'. छकुली ही त्यांची एकुलती एक मुलगी. दुसऱ्या शहरात एका मोठ्या ऑफिसात नोकरीला होती. तिशी आली तरी बापासाठी छकुलीच! टीव्हीवर सिनेमे-मालिका दाखवणाऱ्या कंपनीचं खातं वडिलांच्या नावावर होतं, आणि तिकडे आपल्या घरी बसून तीही त्यावरच कार्यक्रम बघायची. तिने काय बघितलं, कधी बघितलं, कुठे सोडलं, हे त्या चौकोनात शिरलं की ओळीने दिसायचं. जिथवर बघून झालं तिथवर चित्राखाली लाल रेघ.

ती लाल रेघ बघितली की चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडायचा. अर्ध्यात सोडलंय? दमून झोपली असणार. दोन भाग संपवलेत? आज लवकर घरी आली म्हणायची. पूर्वी फोटोंच्या ॲपवरही ती दिसायची. पण तिथलाही कारभार बदलला होता. मुलीचा फोटो बघायला जावं, तर कोण कुठला माणूस कलिंगड फोडून दाखवतोय, कुणाची मांजर पियानोवर नाचतेय, आणि आपली मुलगी त्या गर्दीत कुठे हरवली पत्ता नाही. म्हणून मग ही रेघच काय ती उरली होती.

"पोरगी मजेत आहे बघ," त्या दिवशी ते खुशीत म्हणाले. "अख्खी मालिका संपवली. दुपारचीसुद्धा बघते हल्ली. कामाचा ताण कमी झालेला दिसतोय."

"दिसतोय? फोन केलास का?"

"कशाला उगीच? कामात असते ती. सगळं दिसतंय की इथे."

आक्काने फक्त चष्म्यावरून भावाकडे पाहिलं आणि वाटाणे सोलायला घेतले.

मग कंपनीने नवा नियम आणला. हे खातं फक्त एका घरासाठी! घराबाहेर कुणी लावलं तर खातेदाराच्या फोनवर ओटीपी जाणार, आणि तो लगेच टाकला नाही तर निकामी होणार. शेजारीपाजारी सगळे बोटं मोडत होते. पण चष्मेवाल्यांच्या घरात मात्र भलतंच घडलं. छकुलीचा फोन आला!

"बाबा, ओटीपी आलाय का हो?"

चष्मेवाल्यांनी चार आकडे असे सावकाश वाचून दाखवले, जणू पाळण्यातल्या नावाची घोषणा करताहेत. ती "थँक्यू, ठेवते हं," म्हणाली आणि फोन संपला. पण तेवढ्यावर त्यांची संध्याकाळ सोन्याची झाली. पुढच्या वेळी त्यांनी चलाखी केली. "थांब हं, चष्मा सापडत नाहीये," म्हणाले.

"दुकानभर चष्मे तुमचे, आणि सापडत नाही?" ती हसली.

"अगं, ती भुताची मालिका मधेच का सोडलीस? घाबरलीस ना?"

"तुम्ही बघता का मी काय बघते ते?"

"सहज दिसतं गं," ते ओशाळून म्हणाले आणि घाईघाईने आकडे सांगून मोकळे झाले. चष्मा नाकावरच होता. आक्काला हसू आवरेना.

त्यानंतर एकदा ते दुकानात एका बाईंच्या कानामागे फ्रेम नीट बसवत होते, तेव्हा फोन किणकिणला. ओटीपी आला होता. चष्मेवाल्यांनी पक्कड खाली ठेवली आणि छकुलीच्या फोनची वाट बघत बसले. फोन आला नाही. आकडे निकामी झाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओटीपी आला, पुन्हा फोन नाही. मग ओटीपी यायचेही थांबले. घरी टीव्हीवर लाल रेघ जिथे होती तिथेच थबकली. एका विनोदी कार्यक्रमाच्या बरोबर मध्यावर.

चष्मेवाल्यांना घास गोड लागेना. तरीही त्यांनी फोन केला नाही! स्वतःचीच समजूत घालत राहिले. "कंटाळली असेल या कटकटीला. नवं खातं काढलं असेल तिने. हल्लीची मुलं..."

"हल्लीच्या मुलांचं राहू दे," आक्काने बोलणं मधेच तोडलं. "हल्लीच्या बापांचं सांग. फोन का करत नाहीस?"

"काय बोलू गं? तिची आई होती तेव्हा ती बोलायची, मी मागून 'बरी आहेस ना' एवढंच ओरडायचो. मला नाही जमत. आणि एवढे दिवस तर सगळं कळतच होतं."

"काय कळत होतं?" आक्काचा आवाज चढला नाही, पण तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. "तिने काय बघितलं ते कळत होतं. ती कशी आहे हे तुला कधी कळलं? दुकानात येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे भिंग धरतोस आणि विचारतोस, हे नीट दिसतंय की ते? त्याने सांगितल्याशिवाय नंबर काढतोस का?"

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसायला घेतला.

"मी जन्मभर लाइनी जोडून दिल्या. कुणाची लाइन लागत नसली की माझा जीव खालीवर व्हायचा. पण लाइन जोडली की माझं काम संपलं. बोलायचं ज्याचं त्यालाच लागायचं. ते काम ना मी करू शकत होते, ना तुझी ही टीव्हीवाली कंपनी करणार. उद्या त्यांनी ती लाल रेघच काढून टाकली तर? तर तुला मुलगी नाही का?"

हा घाव वर्मी बसला! चष्मेवाल्यांनी फोन उचलला. पलीकडे बराच वेळ घंटी वाजली आणि मग बारीक आवाज आला.

"बाबा, ओटीपी नकोय मला आता."

"ओटीपीसाठी नाही केला फोन," ते म्हणाले. "जेवलीस का?"

पलीकडून एकदम हुंदका! चष्मेवाले ताडकन उभे राहिले.

"छकुले, काय झालं?"

"बाबा, नोकरी गेली माझी. आमचा अख्खा विभाग बंद केला त्यांनी. दोन महिने घरीच बसून आहे."

"दोन महिने! आणि आम्हाला ब्र नाही?"

"मला वाटलं तुम्हाला कळलंय! तुम्ही बघता ना मी काय बघते ते? दिवसभर घरात बसून टीव्ही बघणारी मुलगी नोकरीवर कशी असेल? मला वाटलं, बाबांना कळलंय आणि ते नाराज आहेत, म्हणून विचारत नाहीत. नंतर नंतर ओटीपी मागायलाही भीती वाटायला लागली. तुमचा आवाज ऐकला असता तर मला रडू आलं असतं. मग टीव्हीच बंद केला."

चष्मेवाल्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. ज्या दुपारच्या मालिका बघून ते 'पोरगी मजेत आहे' म्हणून खुशीत होते, त्या दुपारी पोरगी एकटी पडद्याकडे तोंड करून बसली होती. तेच चित्र, तीच रेघ, आणि अर्थ केवढा उलटा!

"नाराज? वेडे, मला काहीसुद्धा कळलं नव्हतं. बाप तुझा आंधळा निघाला, एवढंच. उद्या सकाळी निघतो मी. आत्यापण येतेय."

"दुकान?"

"राहू दे बंद. चष्म्यावाचून कुणाचं अडणार नाही दोन दिवस."

आक्का तोवर बॅग काढायला आत गेलीसुद्धा होती.

छकुलीला लगेच दुसरी नोकरी मिळाली, असं सांगून तुम्हाला खूश करता आलं असतं. पण अजून ती शोधतेच आहे. फक्त आता मुलाखत चांगली झाली की बाबांना फोन येतो, वाईट झाली की तो जास्त वेळ चालतो.

मंडळी, राग कंपन्यांवर काढून काय उपयोग? त्या आपला धंदा करणार, आज एक दाखवणार, उद्या दुसरं. चूक आपली आहे. माणूस पडद्यावर दिसला म्हणजे भेटला, आणि आपण ॲपवर काही टाकलं म्हणजे सगळ्यांना सांगून झालं, असं आपण धरून चाललो आहोत. आपल्या माणसाची खुशाली त्यालाच विचारायची असते. आजच विचारा!

परवा टीव्हीवर नवी सूचना आली, 'हे प्रोफाइल तुमच्या घरातलं नाही. काढून टाकायचं का?' चष्मेवाल्यांनी 'हो' दाबलं आणि छकुलीचा चौकोन नाहीसा झाला. तेवढ्यात फोन वाजला.

"काय गं, काही हवंय का?"

"नाही बाबा. सहजच."

चष्मेवाल्यांनी टीव्ही बंद केला आणि खुर्ची खिडकीजवळ ओढून घेतली.

"बोल," ते म्हणाले.