तपासनिसाच्या घरातली चोरी

तपासनिसाने लेकीचं दप्तर उलटं धरून झटकलं. डबा पडला, रुमाल पडला आणि मागोमाग टणकन चहाची गाळणी.

"सापडली!" तो स्वतःशीच म्हणाला.

आठ दिवस घरातून वस्तू गायब होत होत्या. दोन चमचे, साबणदाणी, कपड्यांचे चिमटे. बसमध्ये तिकिटं तपासण्यात त्याची बारा वर्षं गेलेली. झोपलेला प्रवासीसुद्धा त्याला सोंगाड्या वाटायचा. आणि आता तर घरातच संशयाला कारण होतं. शाळेला सुट्टी लागली की नवरा-बायको वेगळे राहणार होते. दार लावून, आवाज न चढवता तसं ठरलं होतं. चार वर्षांच्या पोरीला एवढ्यात सांगायचं नाही, हेही ठरलं होतं. तिला काय कळतंय!

बायको आतापासूनच सामान हलवतेय, याबद्दल त्याची खात्रीच होती. पण पोरीच्या दप्तरातून? हद्द झाली! बालवर्गाच्या बाई बायकोची मैत्रीण, म्हणजे माल तिथेच साठत असणार.

"ही कुणी ठेवली दप्तरात?"

"मीच. शाळेत लागते."

"कुणी सांगितलं?"

"बाईंनी."

बायको कामावर गेली होती, हे बरंच झालं. त्याने गाळणी खिशात घातली आणि लेकीचा हात धरून तडक शाळा गाठली.

वर्गात मुलं फरशीवर पसरली होती. एकजण तांब्यातलं पाणी पेल्यांत ओतून किती भरले ते बोटांवर मोजत होता. दोघी मोज्यांच्या जोड्या लावत होत्या. बाई ओले हात ओढणीला पुसत पुढे आल्या.

"मुलांकडून घरातल्या वस्तू मागवता तुम्ही?"

"हो, घर-घर मांडतोय ना. खऱ्या वस्तू हाताळल्या की मुलं पटापट शिकतात. चिठ्ठी दिली होती की!"

चिठ्ठी फ्रिजवर होती, पोरीनेच लावलेली असणार. ती आपल्यासाठीच बायकोने लावलीय, अशा समजुतीने त्याने ती मुद्दाम वाचली नव्हती. बायकोनेही बहुधा तेच केलं असावं. त्याचे कान गरम झाले, पण आता माघार कशी घ्यायची?

"हिचं घर कुठाय? बघू तरी."

बाई घुटमळल्या. "बाकीच्यांनी एकेकच मांडलंय. हिचं... तुम्हीच बघा."

खिडकीखाली खडूने दोन चौकोन आखले होते. दोन्हींत एकेक चमचा. चिमटे चार इकडे, चार तिकडे. एकीकडे साबणदाणी, दुसरीकडे तिच्या जागी डबीचं झाकण. त्याने दोनदा तपासलं. वाटणीत कुठेही खोट नव्हती.

लेकीने त्याच्या खिशातून गाळणी काढली आणि डावीकडच्या चौकोनात नीट ठेवली.

"ही तुझ्याकडे. आई कुठे चहा पिते?"

तो तिच्याजवळ फरशीवर बसला.

"तुला कुणी सांगितलं गं हे?"

ती कामात होती. चिंध्यांची एक बाहुली तिने डावीकडे निजवून पाहिली. मग उचलून उजवीकडे. पुन्हा उचलली, थोडा वेळ छातीशी धरून उभी राहिली आणि बाईंकडे वळली.

"बाई, ही एकच आहे. कुठे ठेवायची असते?"