गच्चीवर गरम, न्हाणीत गार

मित्रांनो, मी एक जुना सोलर बंब आहे. जुन्नरच्या बाजारपेठेत दस्तगीरचाचांच्या गच्चीवर माझा मुक्काम. माझ्या काचेच्या नळ्या दिवसभर ऊन घेतात आणि तापलेलं पाणी मी टाकीत रात्रभर जपून ठेवतो. चाचांच्या मुलानं, तन्वीरनं, मला हौसेनं आणलं तेव्हा शेजारीपाजारी बघायला आले होते. मीही जरा फुगलोच होतो!

पण पहाट झाली की माझा जीव टांगणीला लागे. फजरच्या नमाजाआधी चाचा खाली न्हाणीत वुजूला, म्हणजे हातपाय-तोंड धुवायला बसत. थंडीनं त्यांची बोटं सुजलेली. नळ सुटला की मी घाईघाईनं गरम पाणी खाली सोडत असे. पण गच्चीपासून न्हाणीपर्यंतच्या लांबलचक पाइपात रात्रभराचं गार पाणी साचलेलं असे, ते आधी बाहेर पडे. चाचांना वुजूचं पाणी वाया घालवणं पाप वाटे. थोडक्यात उरकून ते नळ बंद करत आणि माझं गरम पाणी अर्ध्या वाटेवरच राही. "थोडं थांबा हो!" असं ओरडावंसं वाटे, पण मला कुठलं तोंड?

"रात्रीतनं गार पडतंय याचं पाणी. नुसता डबा हाय," चाचा म्हणत. बाकीचे ऊन वर आल्यावर उठत, नळ वाहू देत, त्यांना गरम पाणी मिळे. पहाटे ते गारच असणार, असं सगळेच धरून चालले होते. यंदा चाचांच्या बोटांना भेगा पडल्या, रक्त येऊ लागलं. मला फार वाईट वाटलं. शेवटी तन्वीरनं लाइटचा गिझर आणायचं आणि मला भंगारात द्यायचं ठरवलं. त्या दिवसापासून जिन्यावर पाऊल वाजलं तरी मला धडकी भरे.

परवा ऊन चढायच्या आतच पप्पू भंगारवाला दोरी घेऊन आला. टाकी हलकी व्हावी म्हणून त्यानं माझा पाइप सोडवला. पाणी भळाभळा वाहू लागलं.

"आरं, पाणी सांडतो कशाला?" चाचा बादली घेऊन धावले आणि लगेच हात झटकत मागे सरले. "या अल्ला! लई चटका बसला! ऊन न्हाई, काय न्हाई, हे तापलं कधी?"

आवाज ऐकून सून रुमाना वर आली. तिनं पाण्यात बोट घालून पाहिलं.

"कालच्या उन्हाचं हाय, अब्बा. म्हंजी गार येतं ते पायपातलं व्हतं. आन् तुमी तेवढ्यातच नळ बंद करता."

चाचा आपल्या बोटांकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पप्पू, जोड बाबा तो पाइप."

आता पहाटेचं गार पाणी बादलीत जातं, त्यात भांडी निघतात. मग चाचांच्या हातावर गरम पाणी पडतं. तरी माझी धास्ती संपलेली नाही. आभाळ दाटलं की माझा नाइलाज होतो, नळ्यांत क्षार साचले की मी थकतो. तेवढी साफसफाई करत जा.

आणि मित्रांनो, तुमच्या गच्चीवर माझा एखादा भाऊ असेल, तर एक करा. तुमच्या घरात सगळ्यांच्या आधी कोण उठतं, त्या माणसाला विचारा, "तुम्हांला गरम पाणी मिळतं का?" नाही म्हणाला, तर मला डबा ठरवण्याआधी पाइपातलं गार पाणी बादलीत काढून बघा.