ऐकून शिकला

दादा माझा सख्खा थोरला भाऊ, आणि त्याच्याइतका हेकट माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. वडिलांच्या मागे तबेला आम्ही दोघं चालवतो म्हणे. म्हणजे मी लीद काढते आणि तो हुकूम सोडतो.

भांडण पेटलं काळ्या घोडीवरून. ती दाराच्या फळीत वरचे दात रोवायची, मान ताणायची आणि ढेकरासारखा आवाज काढत घशात हवा ओढायची. दिवसभर तेच. फळी झिजून निम्मी झाली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, चारा कायम पुढ्यात ठेवा, मोकळ्यावर सोडा, शेजारी दुसरं घोडं असू द्या; कोंडलेलं जनावर असं करतं. दादाने मान डोलावली आणि बाई फाटकाबाहेर पडताच, हवा ओढता येऊ नये म्हणून घोडीच्या गळ्याला पट्टा आवळला.

"यांचं ऐकलं तर उद्या तिला झोपाळा बांधावा लागेल," तो म्हणाला.

पट्ट्याखालची कातडी सोलवटली. मी पट्टा काढायची, तो पुन्हा आवळायचा. तो फळीला मिरची फासायचा, मी धुऊन टाकायची. जेवताना आम्ही एकमेकांना मीठसुद्धा देत नव्हतो.

त्याला खरी धास्ती होती ती त्याच्या लाडक्या घोड्याची, तांबड्याची. एकाचं बघून दुसरं शिकतं, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून आल्या दिवसापासून तांबडा मागच्या खोलीत एकटा, खिडकीला फळ्या ठोकलेल्या. पोट सुटू नये म्हणून चाराही बेताचाच.

"त्याने हे सुरू केलं, तर घोडी त्याच दिवशी बाहेर. सांगून ठेवतो."

"त्याला तूच शिकवशील," मी म्हटलं.

एका सकाळी मागच्या खोलीतून तोच आवाज आला. तांबडा गव्हाणीच्या कडेला दात लावून हवा गिळत होता. दादाचा चेहरा पडला. मला, खरं सांगते, आधी बरंच वाटलं.

"आता बोल. कधी बघितलं त्याने काळीला?"

"बघितलं नसेल. भिंतीतून ऐकून शिकला."

मी कपाळावर हात मारला.

दुपारी एक व्यापारी गाडी घेऊन आला. मी काळीचा दोर सोडेना, तेव्हा दादाने माझी बोटं एकेक करून उकलली.

"कुठे नेताय? पत्ता तरी द्या," मी व्यापाऱ्याला म्हटलं.

"पत्ता कशाला? घोडीला पत्र लिहिणार आहेस?" दादाच मध्ये बोलला. व्यापारी हसला आणि गाडी गेली. मी रडले, आणि दादासमोर रडले याचा मला जास्त राग आला.

तांबडा काही थांबला नाही. उलट खुराक टाकून तो काळीच्या बाजूच्या भिंतीशी उभा राहायचा, खिंकाळायचा, आणि परत गव्हाणीला दात. त्याच्या फासळ्या दिसायला लागल्या.

"आता कुणाचं ऐकून शिकतोय?" मी विचारलं.

शेवटी त्यानेच डॉक्टरीणबाईंना बोलावलं. "फळ्या काढा, बाहेर सोडा," त्या म्हणाल्या. "आणि याला सोबत द्या. पलीकडे ती काळी आहे ना, तिची याला सवय असेल."

त्या गेल्यावर दादा बराच वेळ खिडकीच्या फळ्या उपटत राहिला. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या गाडीवाल्याचा पत्ता... तू विचारला असशील ना?"

"विचारला होता," मी म्हटलं. "तुझ्यासमोरच विचारला होता."